माण तालुका एका ओळीत

म्हसवडात यादी कशाचीही असो, ती उभीच असते. वर्गणीची असो, रेशनची असो, टँकरच्या खेपांची असो, की लग्नात आलेल्या आहेराची. डावीकडं अनुक्रमांक, मग नाव, मग रक्कम, आणि उजवीकडं सहीपुरती मोकळी जागा. याला कारण आहे. पाचशे एक रुपये मोजणाऱ्या माणसाला स्वतःची ओळ लागते. दुसऱ्याच्या नावाला खेटून, मध्ये एक टिंब आणि त्याची शेपटी एवढंच अंतर राखून उभं राहायला तो तयार नसतो. वर कोण आणि खाली कोण यावरून उभ्या यादीतही रुसवेफुगवे होतात, पण डावी-उजवीकडं शेजारी नाही हे सुख मोठं. बांधाचा वाद ज्यांनी तीन पिढ्या चालवलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

उभ्या यादीच्या उजव्या रकान्यानं आमच्या गावात इतिहासही घडवलाय. चेतना गाला सिन्हा यांनी म्हसवडच्या बायकांची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण पुष्कळ नावांपुढं सही नव्हती, अंगठा होता. बायका अक्षरं गिरवायला बसल्या, पुन्हा मुंबईला गेल्या, आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आडव्या ओळीत स्वल्पविराम टाकून नावं लिहिली असती तर अंगठा उमटवायलाच जागा उरली नसती, आणि पुढचं सगळंच राहिलं असतं.

संगणक मात्र आडवा. त्याला उभं काही दिलं की तो ते आडवं करून मागतो. एकगठ्ठा एसएमएस पाठवायची जी सोय असते, तिच्यात एक चौकोन असतो आणि वर सूचना असते: मोबाईल क्रमांक स्वल्पविरामानं वेगळे करून भरा. पुण्यात माझं पोट याच चौकोनावर आहे. एका कमांडनं दोनशे यंत्रांची नावं एकाखाली एक ओकायची, दुसरीला ती स्वल्पविरामानं जोडून हवी असायची, आणि मध्ये माझ्यासारख्यानं उभं राहून उभ्याचं आडवं करायचं. महिन्याचा पगार घेऊन हे काम करतो म्हटल्यावर घरी कुणाचा विश्वास बसत नाही. 'स्वल्पविराम टाकायचे पैसे देत्यात व्हय?' असं आबांनी विचारलं होतं. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांनी तरुणपणी जी.सी.सी.ची टायपिंगची परीक्षा चाळीसच्या वेगानं दिली आणि जन्मभर कचेरीत टंकलेखन केलं. स्वल्पविरामाचा वेगळा आकार त्यांनी कधी लावला नाही.

तर मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा जवळ आली होती. त्या दिवशी सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो. तुळशीच्या लग्नाच्या वेळी देवाचं लग्न लागतं आणि ही त्याची वरात. गुलाल-खोबऱ्याच्या उधळणीत, 'सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं' म्हणत सातारा, सांगली, सोलापूर असे तीन जिल्हे नदीकाठी येऊन उभे राहतात. आमच्या गल्लीतल्या मंडळानं महाप्रसाद ठेवला होता. पत्रिका छापायची होती. पत्रिकेच्या तळाला एक आडवी पट्टी असते, तिच्यात निमंत्रित गावांची नावं, आणि पट्टी आडवी म्हटल्यावर नावंही आडवी. शिवाय गावोगावच्या कारभाऱ्यांना एसएमएस जायचे होते. दोन्ही कामं पुतण्याकडं आली, कारण मंडळात लॅपटॉप त्याच्याकडं. तो सेकंडहँड. त्यावरचं विंडोज 'अस्सल नाही' अशी तक्रार रोज सकाळी करायचं, तेव्हा दुकानदारानं कंटाळून त्यात उबुंटू भरून दिलं. अशा रीतीनं माण तालुक्यात लिनक्सचा प्रसार होतो.

गावांची फाईल अर्थात उभी होती. दिवड, देवापूर, हिंगणी, पुळकोटी, धुळदेव, पानवण, शेनवडी, कुकुडवाड, एकाखाली एक. पुतण्यानं हातानं सुरुवात केली. ओळीच्या टोकाला जायचं, स्वल्पविराम दाबायचा, मग डिलीट. खालचं गाव टुणकन वर येऊन चिकटतं. पुन्हा टोकाला, स्वल्पविराम, डिलीट. हे काम बोटांना जमतं, पण मनाला जमत नाही. कुठंतरी डिलीट एकदा जास्त पडतो आणि पुळकोटीचं 'ळकोटी' होतं. आबा मागं बसून बघत होते. एका ठिकाणी त्यांना राहवलं नाही. 'आरं, तू खोडतोयस काय नेमकं? तितं काय लिवल्यालंच न्हाई.'

इथून फोन माझ्याकडं आला. स्पीकर चालू, पुतण्या कीबोर्डवर, आबा भाष्याला.

आबांचा प्रश्न बरोबर होता. ओळ जिथं संपते तिथं डोळ्यांना काही दिसत नाही, पण फाईलमध्ये तिथं एक अक्षर बसलेलं असतं. त्याचा क्रमांक १०. स्वल्पविरामाचा ४४. तेव्हा उभ्याचं आडवं करणं म्हणजे काय, तर दहा नंबरवाल्याला उठवून त्याच्या जागी चव्वेचाळीसवाल्याला बसवणं. 'म्हंजी बदली,' आबा म्हणाले. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला गोष्टी लवकर कळतात.

बदल्या करणारी एक कमांड युनिक्समध्ये आहे, तिचं नाव टीआर. पुतण्याच्या एका इंजिनिअरिंगवाल्या मित्रानं ती त्याला आधीच सांगून ठेवली होती, फक्त ती उभी रेघ कुठं मिळते ते सांगितलं नव्हतं.

'काका, ह्यो पाइप कुठाय?'

'एंटरच्या वर बघ. शिफ्ट धरून दाब.'

'ही व्हय? मला वाटायचं ही फुटकी आय हाय.'

'पोथीतला दंड हाय त्यो,' आबा.

दंड नव्हे, पाइपच. आणि पाइप म्हणजे खरोखरच पाण्याचा. न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये डग मॅकिलरॉय नावाच्या गृहस्थांनी १९६४ साली लिहून ठेवलं होतं की बागेला पाणी घालायच्या नळीला जसा पुढं आणखी एक तुकडा जोडता येतो, तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. युनिक्स १९६९ ला जन्मलं आणि १९७३ मध्ये केन थॉम्पसननं त्यात हे पाइप एकदाचे बसवले. म्हणजे कल्पना मांडल्यापासून नळ जोडून मिळेपर्यंत नऊ वर्षं. हे मी फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडं शांतता पसरली. नंतर आबा म्हणाले, 'मग आपल्या तालुक्यापरास लवकरच म्हणायचं.' नळीचं हे उदाहरण म्हसवडात सांगताना एक अडचण येते: इथं नळी बागेला लावत नाहीत, ती टँकरला लावतात, आणि दुसरं टोक पिंपात जाईपर्यंत कुणीतरी मध्येच अंगठा ठेवून उभं असतं.

टीआर चालवली. फाईल एका बाजूनं आत गेली आणि दुसरीकडून आडवी होऊन बाहेर पडली. क्षणभर सगळे खूश. मग पुतण्या वाचू लागला. '...पानवण, शेनवडी, कुकुडवाड, मंडळ अॅट लॅपटॉप डॉलर. काका, हे शेवटचं गाव कुठलं?'

हे टीआरचं जुनं दुखणं. ती प्रत्येक दहा नंबरवाल्याची बदली करते, शेवटच्याचीसुद्धा. शेवटच्या गावानंतरही स्वल्पविराम पडतो, आणि ओळ संपल्याची खूणच न राहिल्यामुळं संगणक आपलं 'हं, पुढं बोला' हे चिन्ह तिथंच चिकटवतो. यंत्रांना हा शेवटचा स्वल्पविराम सहन होत नाही. डेटाबेसला अशी यादी दिली की तो सगळी विनंती फेटाळतो. एसएमएसच्या चौकोनाला दिली की तो शेवटी आणखी एक माणूस आहे असं धरतो, त्याचा नंबर शोधतो, तो सापडत नाही, आणि 'अवैध क्रमांक' म्हणून सगळ्यांचेच संदेश अडवून ठेवतो. न आलेल्या पाहुण्यासाठी पंगत खोळंबवायची ही रीत आहे.

आबांना मात्र त्या स्वल्पविरामात काही वावगं दिसेना. 'असू द्या की. कुणी ना कुणी ऱ्हायलेलंच असतं.'

यात आबांचा अनुभव बोलत होता. सातारा-सांगलीकडचा कुठलाही फ्लेक्स बघा. वाढदिवस कुणाचा का असेना, खाली शुभेच्छुकांचे चेहरे आणि नावं, आणि सगळ्यात शेवटी 'व मित्रपरिवार'. लग्नपत्रिकेत 'आणि समस्त भावकी'. सत्काराच्या बातमीत 'आदी मान्यवर उपस्थित होते'. आपल्याकडची यादी पूर्ण होत नसते, ती फक्त जागा संपली म्हणून थांबते. जो राहिला त्याला उद्या तोंड द्यायचं असतं. यंत्राला उद्या कुणाला तोंड द्यायचं नसतं, म्हणून ते खुशाल विचारू शकतं की तुमची यादी संपली की नाही, एक काय ते सांगा.

पुतण्याला आता स्वल्पविरामानंतर थोडी मोकळी जागाही हवी होती, नाहीतर गावं एकमेकांच्या अंगावर येतात. टीआरला 'दहाच्या जागी स्वल्पविराम आणि जागा' असं सांगितलं तरी ती फक्त स्वल्पविराम ठेवते आणि जागा सोडून देते. एका अक्षराच्या जागी एकच अक्षर. एका पदावर दोन माणसं नेमता येत नाहीत. शासनाचा नियमही तोच आहे, असं आबांचं मत पडलं, फक्त तो पाळला जात नाही.

मग त्या मित्रानं दुसरा उपाय सुचवला: एक्सआर्ग्ज. ही कमांड ओळी गोळा करते आणि मध्ये एकेक मोकळी जागा सोडून एका रांगेत मांडते. त्या मोकळ्या जागांचे टीआरनं स्वल्पविराम करायचे. शेवटचा जादा स्वल्पविराम पडत नाही, ही गोष्ट खरी. पण आमच्या तालुक्यात ही युक्ती चालवणं म्हणजे दंगल घडवणं. आमच्याकडं वरकुटे मलवडी नावाचं गाव आहे. वरकुटे म्हसवड नावाचं दुसरं आहे. शिवाय मलवडी नावाचं तिसरं आहे, आणि म्हसवड तर आम्हीच. गोंदवले बुद्रुक आणि गोंदवले खुर्द ही दोन. आता प्रत्येक मोकळ्या जागेत स्वल्पविराम पडल्यावर पुतण्याच्या पडद्यावर आलं ते असं: वरकुटे,मलवडी,वरकुटे,म्हसवड,गोंदवले,बुद्रुक,गोंदवले,खुर्द.

चार गावांची आठ झाली. त्यातल्या मलवडीला आगंतुक आमंत्रण मिळालं. म्हसवडला म्हसवडचंच निमंत्रण. 'बुद्रुक' आणि 'खुर्द' नावाची दोन नवी गावं तालुक्याला मिळाली, ज्यांना ना तलाठी ना ग्रामसेवक. आबा चष्मा पुसत म्हणाले, 'हे बुद्रुक आलं तर किती पानं धरायची?' महाप्रसादाच्या बुंदीचा हिशेब तिथल्या तिथं विस्कटला.

मोकळी जागा म्हणजे दोन नावांमधली भिंत, असं युनिक्सच्या पुष्कळ कमांडांना उपजतच वाटतं. अमेरिकेत फाईलींना जागा नसलेली आखूड नावं द्यायची सवय होती, तिथं ते खपलं. जिथं गावाच्या नावात शेजारच्या गावाचं नाव घालून दोन वरकुट्यांतला फरक सांगतात, तिथं खपत नाही.

यानंतर मी सेडचं नाव काढलं असतं तर पुतण्यानं फोन ठेवला असता. बेल लॅब्जच्याच ली मॅकमहोननं सत्तरच्या दशकात लिहिलेली ही कमांड एका वेळी एकच ओळ हातात घेते, आणि हातात घेण्याआधी तिचं टोक कापून ठेवते. म्हणजे ओळीच्या टोकाला बसलेलं जे अक्षर आपल्याला बदलायचंय, ते तिला दिसतच नाही. मग तिला आधी सगळ्या ओळी पोटात साठवायला लावायच्या आणि नंतर बदल करायचा. त्यासाठीची आज्ञा अशी: कोलन, ए, अर्धविराम, मोठा एन, अर्धविराम, डॉलर, उद्गारचिन्ह, बी, ए... पुढचं सांगत नाही. हे फोनवर मोठ्यानं म्हटलं की शेजारपाजारचे लोक कुणाला काही बाधलंय का ते बघायला येतात.

ऑकनं मात्र काम होतं, आणि विचारानं होतं. १९७७ सालची ही कमांड तिघांनी मिळून केली आणि तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं घेऊन तिचं नाव ठेवलं: अहो, वाइनबर्गर आणि कर्निगन. (आल्फ्रेड अहो. त्यांच्या घरी त्यांना हाक कशी मारत असतील, हा प्रश्न मराठी माणसालाच पडू शकतो.) ऑकला सांगायचं की पहिलं नाव नुसतं लिही, त्यानंतर नवीन नाव आलं तरच आधी स्वल्पविराम टाक आणि मग नाव लिही. म्हणजे स्वल्पविराम गेलेल्या माणसाच्या मागं पडत नाही, येणाऱ्या माणसाच्या पुढं पडतो. पुढं कुणी आलंच नाही तर पडतच नाही. यात मोकळी जागाही हवी तेवढी सोडता येते. एवढी समजूतदार कमांड, पण तिच्यात महिरपी कंस लागतात, आणि ते कुठल्या बटणावर आहेत हे सांगण्यात बॅटरी गेली.

चार्जिंग लावून पुन्हा फोन आल्यावर मी पेस्ट सांगितली. ही खरं म्हणजे दोन फाईली शेजारी-शेजारी लावायची कमांड. एकीत गावं, दुसरीत नंबर, की बाजूबाजूला दोन रकाने. पण तिला एस म्हटलं की ती एकाच फाईलच्या ओळी एकापाठोपाठ एक लावते, आणि डी म्हणून पुढं जे चिन्ह द्यावं ते दोन ओळींच्या मध्ये घालते. मध्ये. शेवटी नाही. शेवटी ती गुमान ओळ संपवते.

'पेस्ट. पी, ए, एस, टी, ई.'

'झालं.'

'जागा सोड. आडवी रेघ. एस. डी. त्याला लागूनच स्वल्पविराम.'

'कुठलं बटण?'

'एमच्या उजवीकडचं. मग जागा सोडून फाईलचं नाव.'

एंटर दाबल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही. मग पुतण्या, शाळेत धडा वाचावा तसा: दिवड, देवापूर, हिंगणी, पुळकोटी... वरकुटे मलवडी, वरकुटे म्हसवड, गोंदवले बुद्रुक, गोंदवले खुर्द. बुद्रुक आपापल्या गोंदवल्यात परत गेलं होतं. शेवटचं गाव कुकुडवाड, आणि त्याच्यापुढं स्वच्छ मोकळं रान. मधल्या जागा पत्रिकेचा कारागीर घालील म्हणाला. मॅकवर याच कमांडच्या शेवटी कधीकधी आणखी एक आडवी रेघ द्यावी लागते, नाहीतर ती रुसून बसते. पण म्हसवडच्या त्या गल्लीत मॅक नाही, तेव्हा तो विषय मी काढला नाही.

गावं झाली. आता नंबर. ते एका पतसंस्थेत काम करणाऱ्या कार्यकर्त्यानं आपल्या विंडोजच्या संगणकावरून पेन ड्राइव्हमध्ये घालून दिले होते. उभे, एकाखाली एक. पुतण्याला आता आत्मविश्वास आला होता. त्यानं मला न विचारता पेस्ट चालवली, आणि किंचाळला.

'काका, सगळी माणसं गेली! एकच नंबर ऱ्हायला. त्याच्या आधी स्वल्पविराम. आन् नंबर कुणाचा, तर समोरच्या मंडळाच्या अध्यक्षाचा!'

फाईलमध्ये मोजून घ्यायला लावले तर सगळे नंबर जागेवर. पडद्यावर मात्र एकच. पुतण्याला यात राजकारण दिसू लागलं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला, आणि तो आवाज या खेपेला कोपऱ्यातून नव्हे, लॅपटॉपच्या अगदी जवळून आला.

'एकावर एक टंकलंय. गाडी मागं ढकलली, कागद वर सरकवलाच न्हाई.'

हे निदान इतकं अचूक होतं की मला त्यात भर घालायला काही उरलं नाही. टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजते. मग डाव्या हातानं लिव्हर ओढायची: रूळ फिरून कागद एक ओळ वर सरकतो, आणि गाडी पुन्हा सुरुवातीला येते. एका हिसक्यात दोन कामं. पण लिव्हर न ओढता गाडी नुसती हातानं ढकलली, तर ती सुरुवातीला येते आणि कागद तिथंच राहतो. पुढचं सगळं आधीच्याच ओळीवर छापलं जातं. कचेऱ्यांत मथळा ठळक करायचा तर मुद्दाम असंच करत. टेलिप्रिंटरांनी ही दोन कामं वेगळी ठेवली, त्यांना वेगळी अक्षरं दिली: गाडी मागं नेणारं १३ नंबरचं, आणि कागद सरकवणारं १० नंबरचं. विंडोज अजूनही प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन्ही लिहितं. युनिक्स फक्त दहा नंबरवर भागवतं. पेस्टनं दहाच्या जागी स्वल्पविराम घातला, तेरा नंबर जागच्या जागी राहिला. पडद्यानं इमानेइतबारे प्रत्येक नंबरानंतर गाडी मागं ढकलली आणि पुढचा नंबर आधीच्याच्या डोक्यावर छापला. सगळे नंबर दहा-दहा आकडी, त्यामुळं एकही कुठून डोकावला नाही. यादीत शेवटी असलेला अध्यक्ष सगळ्यांच्या वर दिसला, यात त्याची काही लबाडी नव्हती.

गोदरेजनं १९५५ साली पहिला भारतीय टाइपरायटर काढला. त्यावर बोटं झिजवलेली माणसं आता फारशी राहिली नाहीत, आणि त्यांना कुणी संगणकाचं काही विचारत नाही. विचारायला पाहिजे. 'तेरा नंबरवाला काढून टाक म्हण त्या बदलीवालीला,' आबा म्हणाले. टीआरला डी सांगितलं की ती बदलीऐवजी थेट बडतर्फी करते. तसं केलं, मग पेस्ट, आणि सगळी माणसं एका ओळीत हजर झाली. अध्यक्ष आपल्या जागी, शेवटी.

यशानं माणूस हावरा होतो. आबांना आता पत्रिकेत स्वल्पविराम नको होता. देवाच्या कामाची पत्रिका, तिच्यात पोथीसारखा दंड पाहिजे. स्वल्पविराम हे साहेबाचं. यात तथ्य आहे. मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी नावाच्या साहेबाला देतात. त्याआधी मोडीत लिहिणारा कारकून कागदावर आधी आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत निघायचा. शब्द कुठं तुटला, वाक्य कुठं संपलं, याची खूण नाही. एका दमात पान संपवायचं. उभ्याचं आडवं करण्यात त्या मंडळींचा हात धरणारी कमांड अजून निघालेली नाही, फक्त ते मध्ये काहीच घालत नसत, आणि मग तो कागद वाचायला दुसरा कारकून लागे.

तर पुतण्यानं स्वल्पविरामाच्या जागी दंड दिला. गावांच्या मध्ये दंडाऐवजी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्हं उमटली. दिवड प्रश्नचिन्ह देवापूर प्रश्नचिन्ह हिंगणी. देवापूरकरांनी पाहिलं असतं तर विचारलं असतं की आमच्याबद्दल एवढी शंका का.

इथं गंमत अशी की आपल्याला दिसणारा एक दंड संगणकाच्या पोटात तीन आकड्यांचा असतो: २२४, १६५, १६४. आणि पेस्टला एकाहून जास्त चिन्हं दिली की ती आळीपाळीनं वाटते, पहिल्या फटीत पहिलं, दुसरीत दुसरं. बऱ्याच यंत्रांवरच्या पेस्टला दंड हे एक अक्षर आहे हे कळतच नाही, तिला ती तीन चिन्हं वाटतात. तिनं दंडाचे तीन तुकडे केले आणि दिवडनंतर पहिला, देवापूरनंतर दुसरा, हिंगणीनंतर तिसरा असे इमानदारीनं वाटून टाकले. कुणालाच पुरा दंड मिळाला नाही. समान वाटपाची याहून शुद्ध तऱ्हा माणगंगेच्या खोऱ्यात पाण्याच्या बाबतीतही कुणी पाहिलेली नसेल.

ऑकला दंड अखंड देता आला असता, पण पुन्हा महिरपी कंस आले असते. आबांनी माघार घेतली. साहेबाचा स्वल्पविराम राहिला.

एसएमएस गेले. पत्रिका छापून आल्या. तळाच्या पट्टीत माण तालुका स्वल्पविरामांनी ओवलेला, दिघंचीसारखी शेजारच्या आटपाडी तालुक्यातली दोन-तीन गावंही मध्येच बसलेली, शेवटी कुकुडवाड आणि पूर्णविराम. गठ्ठे सुटायच्या आतच एका वाडीचे तिघं पारावर येऊन उभे राहिले. वाडीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर इथं तरी छापून आलं म्हणून धरतील आणि पुढच्या वर्षी त्यावर भागवावं लागेल. आमचं नाव कुठाय, एवढंच त्यांनी विचारलं. फाईलमध्ये नव्हतं. फाईलमध्ये नव्हतं हे त्यांना सांगायची हिंमत मंडळातल्या एकालाही झाली नाही.

संध्याकाळी फोन आला. गल्लीतली पोरं ओट्यावर ओळीनं बसली होती, प्रत्येकापुढं पत्रिकांचा गठ्ठा आणि हातात काळं पेन. कुकुडवाडपुढच्या पूर्णविरामाला शेपूट काढायचं, म्हणजे त्याचा स्वल्पविराम होतो. मग वाडीचं नाव घालायचं. आणि त्यानंतर, आबांच्या स्पष्ट हुकमावरून, आणखी एक स्वल्पविराम आणि 'व पंचक्रोशीतील समस्त ग्रामस्थ'.

'काका,' पुतण्या म्हणाला, 'आबा इचारत्यात, ती पयली कमांड कुठली होती? शेवटाला आपोआप स्वल्पविराम टाकनारी. पुढच्या साली तीच लावा म्हनत्यात.'